एका तासाची अट



13 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक नावाच्या वाळवंटात, ‘थ्रस्ट एसएससी’ ही मोटार आवाजापेक्षा वेगाने धावली. एकदा जाताना आणि पुन्हा परत येताना. पंच हजर होते, वेळ मोजणारी यंत्रं चालू होती, आकडे कागदावर उमटले. तरीही त्या दिवशी विक्रम झाला नाही. दोन धावांमध्ये जास्तीत जास्त एक तास जावा असा नियम आहे, आणि परतीच्या धावेला सुमारे एक मिनिट उशीर झाला होता.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी उभं आयुष्य यंत्रशाळेत काढलं. इथे आजवर साहित्यावर, शेतीवर, अर्थकारणावर बोलणं झालेलं आहे. यंदा यंत्रांवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं, म्हणून मी जेट आणि रॉकेटच्या जोरावर पळणाऱ्या मोटारींचा विषय घेतला. वेगाचे आकडे बरेच येतील, त्याला इलाज नाही. पण मला बोलायचं आहे ते या एका तासाबद्दल. माझ्या मते गेल्या साठ वर्षांत या खेळात जे काही खरं अवघड होतं, ते या तासाच्या आत होतं. इंजिन हा त्यातला सोपा भाग.

आधी नियम सांगतो. सपाट जमिनीवर एक मैल किंवा एक किलोमीटरचा पट्टा मोजून आखतात. गाडी पळतच त्यात शिरते आणि पळतच बाहेर पडते. मधलं अंतर कापायला लागलेला वेळ तेवढा नोंदला जातो. मग उलट दिशेने तसंच. दोन्ही धावांची सरासरी काढायची, आणि ती आधीच्या विक्रमापेक्षा निदान एक टक्क्याने सरस हवी. उलट दिशेची अट घातली ती वाऱ्यामुळे आणि उतारामुळे. पाठीवर वारा घेऊन मिळवलेला वेग परतताना तोच वारा काढून घेतो.

ही अट सुरुवातीपासून नव्हती. 1906 मध्ये फ्रेड मॅरियट यांनी फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाफेच्या गाडीतून ताशी 205 किलोमीटरचा वेग गाठला, तो एकाच दिशेने. पुढे 1914 मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स धावपट्टीवर हॉर्नस्टेड यांनी बेंझ गाडीतून दोन्ही दिशांनी धाव घेतली. सरासरी आली 200 च्या किंचित खाली. म्हणजे नियम कडक झाला आणि विक्रमाचा आकडा मागे आला! ज्या खेळात आकडा फक्त वर जायचा असतो तिथे कुणीतरी असा नियम केला आणि इतरांनी तो मानला, याचं मला आजही नवल वाटतं. 1947 मध्ये जॉन कॉब यांनाही याची चव मिळाली. एका दिशेने त्यांनी ताशी 400 मैल ओलांडले, पण सरासरी भरली 394. पुस्तकात 394 च राहिले.

कॉब यांच्या गाडीत विमानाची दोन पिस्टन इंजिनं होती आणि ती चारही चाकं फिरवत. इथपर्यंतच्या सगळ्या गाड्या आपल्या ओळखीच्या होत्या. इंजिन चाकाला फिरवतं, चाक जमिनीला मागे रेटतं आणि गाडी पुढे जाते. या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट. तेवढी शक्ती रबराच्या टायरमधून मिठाच्या किंवा वाळूच्या पृष्ठभागावर उतरवायची म्हटलं की चाक जागच्या जागी घसरायला लागतं. मग जमिनीवर पकड राहावी म्हणून वजन वाढवायचं, आणि वाढलेलं वजन पळवायला पुन्हा शक्ती वाढवायची.

जेटने हा गुंताच कापला. जेट इंजिन पुढून हवा घेतं, दाबतं, तिच्यात इंधन जाळतं आणि मागून प्रचंड वेगाने बाहेर फेकतं. त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने गाडी पुढे जाते. रॉकेट तर बाहेरची हवाही मागत नाही. चाकांना कुणी फिरवत नाही, ती नुसती सोबत पळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि कोरियाच्या युद्धानंतर लढाऊ विमानांची जुनी इंजिनं अमेरिकेत भंगाराच्या बाजारात येऊ लागली. 1960 मध्ये नेथन ऑस्टिच नावाच्या लॉस एंजेलिसच्या एका डॉक्टरांनी तसलं एक इंजिन गाडीवर बसवून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागराकडे मोर्चा वळवला. त्यांना विक्रम साधला नाही, पण वाट दिसली.

त्या वाटेने क्रेग ब्रीडलव्ह आले. कॅलिफोर्नियाचा तरुण, काही काळ अग्निशमन दलात नोकरी केलेला. ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ ही त्यांची गाडी तीन चाकांची होती आणि तिला सेबर लढाऊ विमानांच्या जातीचं जनरल इलेक्ट्रिकचं इंजिन होतं. 5 ऑगस्ट 1963 रोजी त्यांनी बॉनव्हिलवर दोन्ही दिशांची सरासरी ताशी 655 किलोमीटर, म्हणजे 407 मैल काढली. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ती मानली नाही. मोटारीला चार चाकं हवीत आणि त्यांतली निदान दोन इंजिनाने फिरवलेली हवीत, असं त्यांचं म्हणणं. मोटारसायकलींच्या महासंघाने मात्र तीन चाकं पाहून तिला साइडकार लावलेल्या मोटारसायकलींच्या वर्गात घेतलं. जगातलं सर्वांत वेगवान वाहन कागदोपत्री फटफटी ठरलं!

त्याच काळात ब्रिटनचे डोनाल्ड कॅम्पबेल जुन्या व्याख्येशी इमान राखून होते. त्यांचे वडील माल्कम कॅम्पबेल यांनी 1935 मध्ये बॉनव्हिलवरच ताशी 300 मैलांचा टप्पा ओलांडला होता. डोनाल्ड यांच्या ‘ब्लूबर्ड’मध्ये गॅस टर्बाइन होतं, पण ते चारही चाकं फिरवत असे. गाडी आखली होती नॉरिस बंधूंनी. हे नाव पुढे पुन्हा येईल. 1960 मध्ये ही गाडी बॉनव्हिलवर भीषण उलटली, कॅम्पबेल यांची कवटी फुटली. पुन्हा बांधलेली गाडी घेऊन ते 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक एअर या कोरड्या सरोवरावर गेले, तर नेमका तिथे पाऊस पडला आणि सरोवर भरलं. शेवटी 17 जुलै 1964 रोजी ताशी 403 मैलांची सरासरी अधिकृतपणे त्यांच्या नावावर लागली. पण तोवर ब्रीडलव्ह यांचे 407 सगळ्यांनी ऐकलेले होते, आणि थोड्याच काळात जेट गाड्यांनाही विक्रमाची दारं उघडली. कॅम्पबेल यांच्याबद्दल वाईट वाटतं खरं. तरी माझं मत असं की जेटवाल्यांना आत घेतलं ते योग्यच केलं. जे चाक ढकलत नाही त्यालाही वजन पेलायचं असतं, सरळ राहायचं असतं आणि थांबायचं असतं, आणि या वेगांत ढकलण्यापेक्षा हीच कामं अधिक अवघड आहेत.

आता 1964 च्या ऑक्टोबरकडे येऊ. बॉनव्हिलवर त्या महिन्यात जे झालं तसं या खेळात आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावचे दोन सावत्र भाऊ, वॉल्ट आणि आर्ट आर्फन्स. दोघांचं आपसात फारसं जमत नसे. अ‍ॅक्रन ही तेव्हा अमेरिकेच्या टायर उद्योगाची राजधानी. वॉल्टमागे गुडइयर कंपनी, आर्टमागे फायरस्टोन. ब्रीडलव्ह यांच्यामागेही गुडइयर. 2 ऑक्टोबरला वॉल्टची गाडी टॉम ग्रीन यांनी चालवली, ताशी 665 किलोमीटर. 5 तारखेला आर्ट यांनी आपल्या ‘ग्रीन मॉन्स्टर’मधून 698. 13 तारखेला ब्रीडलव्ह 754, पंधराला पुन्हा तेच 847, आणि 27 तारखेला आर्ट 864. पंचवीस-सव्वीस दिवसांत पाच विक्रम.

आर्ट आर्फन्स यांच्याविषयी सरांच्या विद्यार्थ्यांना विशेष आस्था वाटेल. त्यांच्या गाडीत जे79 इंजिन होतं, म्हणजे त्या काळच्या सर्वांत तेज लढाऊ विमानांचं. ते त्यांना खराब अवस्थेत, भंगारातून मिळालं होतं. आत काहीतरी ओढलं जाऊन त्याची पाती दुखावली होती. आर्ट यांनी ते आपल्या आवारात उघडलं, खराब पाती काढून टाकली आणि घराजवळच झाडांना बांधून चालवून पाहिलं. पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. ज्याने हात काळे करून इंजिन उघडलं आहे त्यालाच ‘झाडांना बांधून’ या शब्दांतलं धाडस कळेल.

परंतु मला आज रेंगाळायचं आहे ते 15 ऑक्टोबरच्या धावेवर. ब्रीडलव्ह यांची दुसरी धाव मोजणीच्या मैलातून पार पडली आणि त्यांनी थांबण्यासाठी पॅराशूट सोडलं. ते फाटून गेलं. राखीव पॅराशूटही कामी आलं नाही. ब्रेकवर पाय दिला तर ते त्या वेगात जळून गेले. गाडी मिठावरून कित्येक किलोमीटर घसरत गेली, एक टेलिफोनचा खांब मोडला, एका बांधावरून उडाली आणि पलीकडच्या खाऱ्या पाण्याच्या डबक्यात नाकाने बुडाली. ब्रीडलव्ह पोहत काठाला लागले, आणि मदतीला धावत आलेल्यांशी थट्टामस्करी करू लागले. विक्रम मात्र त्यांचाच. ताशी 500 मैल ओलांडणारे ते पहिले.

आता बघा, पहिल्या धावेनंतर थांबणं नियमालाच हवं आहे, कारण थांबल्याशिवाय परत फिरता येत नाही. दुसऱ्या धावेनंतर गाडी मोजणीच्या पट्ट्याबाहेर पडली की नियमाचं काम संपलं. तिथून पुढे थांबलात की खांबाला धडकलात, पंचांना देणंघेणं नाही. दुसरं थांबणं हे ज्याचं त्याने बघायचं असतं. या खेळातले कितीतरी मोठे अपघात दुसऱ्याच धावेत झाले, ते मला योगायोगाने झाल्यासारखे वाटत नाहीत. पहिल्या धावेत तापलेली चाकं, ताणलेले टायर, घाईत घडी घातलेली पॅराशूटं, आणि डोक्यावर घड्याळ.

पाण्यावरही हाच तासाचा नियम आहे. 4 जानेवारी 1967 रोजी डोनाल्ड कॅम्पबेल इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर आपल्या जेट बोटीतून पहिली धाव घेऊन टोकाला पोचले. ती ताशी 300 मैलांच्या किंचित खाली भरली होती. स्वतःच्याच बोटीने उठवलेल्या लाटा शमायची वाट न पाहता, इंधन न भरता ते लगेच परत फिरले. परतीच्या धावेत बोट पाण्यावरून उचलली गेली, उलटली, आणि ते गेले. तास संपायला अजून बराच वेळ होता. त्यांनी घाई का केली यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात शिरायचं नाही.

1965 चा मोसम मी थोडक्यात आटपतो. ब्रीडलव्ह चार चाकांची नवी गाडी घेऊन आले, त्यांनी 894 केले. आर्ट यांनी 928 केले, त्यात त्यांचा टायर फुटला. 15 नोव्हेंबरला ब्रीडलव्ह ताशी 600 मैलांच्या, म्हणजे 966 किलोमीटरच्या वर गेले. मध्ये एक गमतीची गोष्ट. मिठागराची पट्टी ज्याने आरक्षित केली त्याच्याच ताब्यात राहत असे. आर्ट यांना ती मिळू नये म्हणून ब्रीडलव्ह यांनी आपली पत्नी ली हिला गाडीत बसवलं. तिने ताशी जवळपास 500 किलोमीटर वेगाने गाडी चालवून महिलांचा विक्रम केला आणि पट्टी अडवून ठेवली. नाटक कंपन्यांनी तारखा अडवाव्यात तशातला प्रकार.

रॉकेटचा मोठा दिवस उजाडला 23 ऑक्टोबर 1970 रोजी. गॅरी गॅबेलिक यांनी ‘ब्लू फ्लेम’मधून बॉनव्हिलवर ताशी 1,000 किलोमीटरचा आकडा पार केला, किलोमीटरच्या पट्ट्यावर सरासरी 1,014. गाडीची पुढची दोन चाकं नाकाखाली इतकी जवळजवळ होती की लांबून ती तीनचाकी दिसे. चार चाकांची अट मात्र पुरी होत होती. ब्रीडलव्ह यांच्या फटफटीपासून लोक एवढा धडा शिकले होते. पैसा आला नैसर्गिक वायूच्या उद्योगाकडून, म्हणून इंधनात द्रवरूप नैसर्गिक वायू होता आणि जोडीला तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड उत्प्रेरकाच्या जाळीवर पडलं की फुटून त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होतो, आणि त्या ऑक्सिजनमध्ये वायू जळतो. इथे तासाचा अर्थ बदलला. जेट गाडीत परतीसाठी थोडं केरोसीन ओतलं की भागतं. रॉकेटवाल्याला मात्र उणे 160 अंशांच्या आसपासचा द्रव वायू आणि कपड्यावर सांडलं तर पेट घेईल असं पेरॉक्साइड, ही दोन्ही मोकळ्या वाळवंटात, घड्याळाकडे बघत, हाताळायची असतात. गाडी चालवणाऱ्याचं नाव सर्वांना ठाऊक असतं. टाक्या भरणाऱ्यांचं नाव विचारून बघा.

सहा वर्षांनी ऑरेगनच्या अल्वर्ड वाळवंटात किटी ओ’नील यांनी तीन चाकांच्या रॉकेट गाडीतून ताशी 825 किलोमीटरची सरासरी काढली. किटी यांना तान्हेपणीच्या आजारापासून ऐकू येत नव्हतं. त्या आधी सूर मारण्याच्या खेळात होत्या, मग हॉलिवूडमध्ये स्टंट करू लागल्या. गाडीत अजून पुष्कळ जोर शिल्लक होता. पण करार असा होता की त्यांनी फक्त महिलांचा विक्रम मोडायचा. सर्वांचा, म्हणजे पुरुषांचा विक्रम स्टंटमन हॅल नीडम यांच्यासाठी राखून ठेवलेला. किटी पुढे जाऊ पाहत होत्या, त्यांना थांबवण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. नीडम यांच्याकडून तो विक्रम झालाच नाही. या सगळ्या इतिहासात मला मनापासून चीड येते ती इथे. अपघात हा यंत्राचा असतो, हवामानाचा असतो. हा तर वकिलांनी टंकलिखित करून तयार केलेला होता.

याच नीडम यांनी 1979 मध्ये ‘बडवायझर रॉकेट’ उभी केली. तीन चाकं, पेरॉक्साइडचं रॉकेट आणि वर साइडवाइंडर क्षेपणास्त्राचा जोर. स्टॅन बॅरेट यांनी ती कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाजवळच्या कोरड्या सरोवरावर पळवली, आणि ध्वनीचा वेग ओलांडल्याचा दावा झाला. धाव एकच, एकाच दिशेने. आकडा रडारच्या नोंदींवरून काढलेला, आणि परतीचा विचारच नव्हता. त्या दाव्यावर आजही वाद चालतो. मला त्या वादात रस नाही, कारण परत न येणारी गाडी माझ्या दृष्टीने क्षेपणास्त्र आहे. चालक शूर होते यात शंका नाही.

विक्रम ब्रिटनकडे परत आणला रिचर्ड नोबल यांनी. आधी स्वतःच्या खर्चाने बनवलेली त्यांची ‘थ्रस्ट 1’ 1977 मध्ये एका हवाई तळावर कोलांट्या खात मोडली; ते वाचले आणि भंगार विकून पुढच्या गाडीच्या मागे लागले. ‘थ्रस्ट 2’ जॉन अ‍ॅक्रॉइड यांनी आखली. लाइटनिंग लढाऊ विमानातलं रोल्स-रॉइसचं एव्हॉन इंजिन तिला होतं. चाकं भरीव अ‍ॅल्युमिनियमची, वर रबर नाही, कारण या वेगात रबर केंद्रोत्सारी जोराने सुटून येतं. बॉनव्हिलवर पाणी साचलं म्हणून ते ब्लॅक रॉकला गेले, आणि तिथे खरा शोध लागला. ही जमीन मिठाची नाही, चिकणमातीची आहे. दर हिवाळ्यात तिच्यावर पातळ पाणी पसरतं आणि उन्हाळ्यात ती सपाट सुकते. धातूच्या चाकाला मिठापेक्षा ती मवाळ आहे. 4 ऑक्टोबर 1983 रोजी नोबल यांनी ताशी 1,019 किलोमीटर काढले. पुढे हिशेब करून पाहिल्यावर लक्षात आलं की वेग आणखी थोडासाच वाढला असता तर गाडीचं नाक जमिनीवरून सुटलं असतं.

आणि आता थ्रस्ट एसएससी. मघाशी मी म्हटलं होतं की नॉरिस हे नाव पुन्हा येईल. ब्लूबर्डचे केन नॉरिस यांच्याकडे नोबल यांची रॉन एअर्स यांच्याशी गाठ पडली. एअर्स निवृत्त वायुगतिकीतज्ज्ञ, उमेदीत ब्लडहाउंड क्षेपणास्त्रावर काम केलेले. आवाजाच्या वेगाजवळ विमानाभोवतीची हवा कशी वागते हे एअर्स जाणत होते. पण विमानाखाली जमीन नसते. गाडीच्या पोटाखाली जी हवा सापडते तिला जायला जागा नाही. ध्वनीचा वेग गाठला की दाबाच्या भिंती तयार होतात, त्या जमिनीवर आपटून परत पोटावर येतात. नाक थोडं जरी वर झालं तरी गाडी उडेल, थोडं खाली झालं तर मातीत घुसेल. एअर्स यांनी संगणकावर हिशेब मांडले आणि मग त्यांचा पडताळा घेण्यासाठी वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर गाडीची छोटी प्रतिकृती रॉकेटच्या घसरगाड्यावर बसवून ध्वनीपेक्षा वेगाने सोडली. दोन्ही आकडे जुळले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. 1927 मध्ये विक्रमाच्या नादात पॅरी-टॉमस मरण पावले ते याच पेंडाइनला.

गाडी साडेसोळा मीटर लांब, वजन दहा टनांच्या वर. ब्रिटिश फँटम विमानातली दोन स्पे इंजिनं दोन बाजूंना, मध्ये चालकाची जागा. इंजिनं पुढे असल्याने पुढची चाकं वळवायला जागाच उरली नाही, म्हणून मागची चाकं वळवायची ठरली. ज्याने गोदामात फोर्कलिफ्ट चालवली आहे त्याला विचारा, मागच्या चाकाने वळणारं वाहन सरळ रेषेत ठेवणं म्हणजे काय. या मंडळींनी आधी एका मिनी मोटारीत तशी रचना करून पाहिली. चालक अँडी ग्रीन हे ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक आणि गणिताचे पदवीधर. वेग ध्वनीजवळ गेला की गाडी एका बाजूला ओढायची आणि त्यांना स्टिअरिंग बरंच उलट धरून ठेवावं लागायचं. इंधन सेकंदाला सुमारे 18 लिटर.

पैसे नेहमीच कमी. गाडी आणि सामान अमेरिकेला नेणाऱ्या अजस्र अँटोनोव्ह विमानाच्या इंधनासाठी इंटरनेटवरून लोकांकडे थोडं थोडं मागितलं गेलं, आणि लोकांनी ते दिलं; 1997 मध्ये ही नवलाची गोष्ट होती. वाळवंटात रोज सकाळी माणसं ओळीने चालत जाऊन पट्टीवरचे खडे वेचत. सकाळच्या गारव्यात धावायचं याला एक कारण होतं. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो, गार हवेत तो कमी.

त्याच वाळवंटात, त्याच मोसमात, साठीचे झालेले ब्रीडलव्ह नवी गाडी घेऊन उतरले होते. आदल्या वर्षी त्यांची गाडी ताशी 1,000 किलोमीटरच्या वर असताना कलंडली होती आणि वाळवंटात मोठा वळसा घेऊन थांबली होती. ते बचावले. 1997 मध्ये इंजिनाने दगा दिला आणि शर्यत अशी झाली नाही.

तर 13 ऑक्टोबरला ते एक मिनिट हुकलं. 15 तारखेला पुन्हा. जाताना 1,222, येताना 1,234 च्या जवळ, सरासरी ताशी 1,228 किलोमीटर, ध्वनीच्या वेगाच्या 1.02 पट. मैल कापायला पावणेपाच सेकंदांहून कमी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या वेगाने पाच मिनिटांच्या आत संपेल, अर्थात घाटात ट्रक बंद पडलेला नसेल तर! स्फोटासारखा आवाज दूरच्या गर्लाक गावात ऐकू गेला. आदल्या दिवशी चक यीगर यांनी विमानातून ध्वनीचा वेग ओलांडल्याला पन्नास वर्षं पुरी झाली होती. एका तासात काय काय झालं? गाडी थांबवली, वळवली, जागेवर आणली. पॅराशूटं बदलली, इंधन भरलं, चाकं, ब्रेक आणि इंजिनांचा आतला भाग तपासला, संगणकातल्या नोंदी पाहून पुढची धाव घ्यावी की नाही हे ठरवलं, आणि इंजिनं पुन्हा चालू केली. दोन दिवसांपूर्वी याच कामांना एक मिनिट जास्त लागलं होतं.

तो विक्रम आजही उभा आहे. तो मोडायला नोबल, एअर्स आणि ग्रीन यांनीच 2008 मध्ये ‘ब्लडहाउंड’ जाहीर केली. नाव एअर्स यांच्या जुन्या क्षेपणास्त्राचं. उद्दिष्ट ताशी 1,000 मैल, इंजिन युरोफायटर विमानाचं, सोबत रॉकेट. दक्षिण आफ्रिकेच्या हाक्सकीन पॅनवर मीर समाजाच्या तीनशेहून अधिक लोकांनी हजारो टन दगड हातांनी वेचून पट्टी साफ केली. ते काम पुरं झालं आणि पैसा संपला. 2018 मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, एका उद्योजकाने ती विकत घेतली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये नुसत्या जेटवर, रॉकेटविना, ग्रीन यांनी ताशी 628 मैल, म्हणजे 1,010 किलोमीटर गाठले. ही विक्रमाची धाव नव्हती, चाचणी होती. मग कोविड आला.

त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये अल्वर्ड वाळवंटात जेसी कॉम्ब्स मरण पावल्या. स्टारफायटर विमानाच्या सांगाड्यापासून बनवलेल्या जेट गाडीत त्या किटी ओ’नील यांचा 43 वर्षांचा आकडा मोडायला निघाल्या होत्या. वेगात असताना पुढचं चाक निकामी झालं. त्या दिवसाच्या धावांची सरासरी, ताशी 841 किलोमीटर, पुढच्या वर्षी गिनीजने मान्य केली. मघाशी मी दुसऱ्या थांबण्याबद्दल जे बोललो, ते इथे पुन्हा बोलवत नाही.

ब्लडहाउंडचं पुढे काय, असं मला नेहमी विचारतात. नियमाप्रमाणे नवा विक्रम 1,240 च्या पुढे हवा. तेवढ्यासाठी रॉकेट बसवावंच लागेल. 2023 मध्ये त्यांनी नवा चालक हवा असल्याचं जाहीर केलं, आणि त्याने येताना प्रायोजकही आणावेत अशी अपेक्षा ठेवली. अँडी ग्रीन साठी ओलांडून गेले आहेत, ते नव्याला शिकवतील. चालक मिळेल, मला शंका नाही. असले चालक जगात कधी कमी पडले नाहीत. माझ्या हाती ते काम असतं तर मी आधी पट्टीच्या पलीकडच्या टोकाला उभी राहणारी वीस-पंचवीस माणसं शोधली असती. गरम ब्रेकला हात लावणारी, पेरॉक्साइडचा टँकर हाताळणारी, पॅराशूटची घडी न चुकता घालणारी. आणि त्यांत एक असा माणूस, जो घड्याळात दहा मिनिटं शिल्लक असताना, सगळं जग बघत असताना, चालकाला सांगू शकेल की आज परतीची धाव नाही.